चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पक्षी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे तासाभराहून जास्त वेळ घराबाहेर राहता येत नाही. त्या मूळच्या बार्शीकडच्या, शेतात वाढलेल्या. मला पक्षी बघायची फार हौस आहे, पण भिगवण, ताम्हिणी वगैरे शक्य नाही आणि खिडकीतून कावळे-कबुतरंच दिसतात. घरबसल्या या छंदाचा आनंद मिळेल का? दुर्बीण घ्यावी का? आणि संध्याकाळी समोरच्या तारेवर लाल चोचीचा एक निळा पक्षी येऊन बसतो. आसपास पाणी नाही, मग तो खंड्या कसा असेल?"

आनंद मिळेल, आणि भरपूर मिळेल. हे तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. बरीच वर्षं मी वेताळ टेकडीवर नवख्या मंडळींना पक्षी दाखवायला घेऊन जाते. त्यांच्यातले जे या छंदात टिकले, त्यातल्या बहुतेकांनी आपल्या घराभोवतीचे पक्षी आधी नीट ओळखून घेतले होते. जे पहिल्याच महिन्यात भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे बघून आले त्यांना ते दृश्य आवडलं, फोटोही मिळाले, पण सोमवारी ऑफिसला जाताना पक्षी पुन्हा दिसेनासे झाले.

तुमच्याकडे पक्षी नाहीत, असं मला वाटत नाही. कावळा आणि कबूतर आकाराने मोठे, उघड्यावर बसणारे, माणसाला न बुजणारे. लक्ष नसलं तरी ते दिसतातच. बाकीचे बरेचसे छोटे, पानांत वावरणारे आणि दिसण्याआधी ऐकू येणारे असतात. ते दिसायला मनात त्यांची वाट बघणं असावं लागतं. कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी कोण येतं हे माहीत झालं, की नजर आपसूक तिकडे जाते. आणि हे शिकायला रोज एकच जागा बघण्यासारखा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. कोथरूडच्या डोक्यावर टेकड्या आहेत, त्यामुळे तिथले पक्षी तुमच्या आवारात येत-जात असणारच.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगते. खिडकीसमोर निदान एक मोठं झाड आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. असेल तर चौथा मजला ही उत्तम जागा. जमिनीवरून झाडाचा शेंडा बघताना मान दुखते आणि पक्ष्याचं फक्त पोट दिसतं, तेही आकाशाच्या उजेडापुढे काळपट. चौथ्या मजल्यावरून शेंडा डोळ्यांच्या पातळीत येतो. शिंजीर, चष्मेवाला, तांबट, हिवाळ्यात हळद्या असे वरच्या फांद्यांवर वावरणारे पक्षी समोरासमोर दिसतात. तळमजल्यावरच्या माणसाला दयाळ, शिंपी, भारद्वाज यांची सोबत जास्त. खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि रंग कळत नाहीत. दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर सकाळी पश्चिमेची आणि संध्याकाळी पूर्वेची निवडा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यावर पडेल. समोर फक्त डक्ट आणि शेजारच्या इमारतीची भिंत असेल, तर मात्र सकाळी पंधरा मिनिटं गच्चीवर जा. तिथे झाडावरचे पक्षी कमी, पण पाकोळ्या, घारी, थव्याने जाणारे पोपट आणि वेडे राघू भेटतील.

सुरुवात कानाने करा. तुम्हाला सासूबाईंचं करताना, स्वयंपाक करताना खिडकीत उभं राहता येणार नाही, पण कान मोकळे असतात. उजाडायच्याही आधी, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, जो सुरेल आणि दर वेळी थोडी वेगळी वळणं घेणारा गळा ऐकू येतो तो दयाळाचा. काळा-पांढरा नर टीव्हीच्या अँटेनावर, पाण्याच्या टाकीवर, जिथे उंच आणि उघडं असेल तिथे बसून गातो. उन्हं वर आली की तांबट सुरू होतो: टुक्‌, टुक्‌, टुक्‌, एका लयीत, थांबायचं नाव नाही. हा आवाज शहरात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेला असतो, पक्षी मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. प्रत्येक टुक्‌ला गळा फुगतो, आणि बोलताना तो डोकं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते समजत नाही. त्याला दाट पानांत शोधत बसू नका. कोवळ्या उन्हात तो झाडाच्या वाळक्या, बिनपानांच्या शेंड्यावर येऊन बसतो. तिथे आधी बघा.

मर्लिन नावाचं एक मोफत अॅप आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ते बनवलंय, आणि ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. जरूर वापरा, पण आधी स्वतः अंदाज बांधा आणि मग त्याला विचारा. अॅपने सांगितलेलं नाव संध्याकाळपर्यंत विसरतं. स्वतः शोधून काढलेला पक्षी विसरत नाही. शिवाय शहरातल्या गोंगाटात ते चुकीचंही नाव सांगतं, तेव्हा पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नोंद पक्की धरू नका.

रोजचे सात-आठ आवाज ओळखीचे झाले की त्यांच्यातला बदल कळायला लागतो, आणि माझ्या मते घरून पक्षी बघण्यातला सगळ्यात मोठा आनंद इथे सुरू होतो. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण आलं हे जसं न बघता कळतं, तसं झाडावरच्या गलक्यावरून मांजर आलंय की शिक्रा हा शिकारी पक्षी, हे कळू लागतं. खार शेपटी झटकत एकसारखी चिक्‌चिक्‌ करायला लागली, तिच्यात बुलबुलांची खरखर मिसळली आणि हा प्रकार थांबेना, तर हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा. बहुतेक वेळा जवळपास मांजर असतं, साप असतो, नाहीतर दिवसाढवळ्या बाहेर सापडलेला पिंगळा असतो. पिंगळा सापडला की शिंजिरापासून कोतवालापर्यंत सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन आरडाओरडा करतात. एरवी एकमेकांकडे लक्ष न देणारे पक्षी अशा वेळी एका फांदीवर जमतात. एकाच जागी उभं राहून इतक्या जाती समोर येण्याची ही सगळ्यात चांगली संधी.

शिक्रा उडत आला, तर गोष्ट वेगळी घडते. एखादी बारीक, तीक्ष्ण शीळ येते आणि मग सगळं झाड एकदम गप्प होतं. पक्षी पानांत जिथल्या तिथे थिजतात. त्या शांततेत वर बघा. कबुतराएवढा, वरून राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, भराभर पंख मारून मग थोडं तरंगत जाणारा पक्षी दिसला, तर तो शिक्रा. बऱ्याचदा दोन-तीन कावळे त्याच्या मागे लागलेले असतात, त्यामुळे कावळ्यांवर नजर ठेवली तरी तो सापडतो. फक्त आवाजावर विसंबून शिक्रा आला असं म्हणताना जरा थांबा, कारण कोतवालाच्या काही हाका शिक्र्याच्या हाकेशी फार मिळत्याजुळत्या असतात.

आता तुमच्या कावळ्यांबद्दल. ते "कावळेच" म्हणून सोडून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एप्रिल-मेमध्ये घरकावळे घरटी बांधतात. काड्यांबरोबर तारांचे तुकडेही वापरतात. खिडकीतून असं एखादं घरटं दिसत असेल तर पुढचे दोन महिने तुमच्यासमोर जे घडेल ते बघायला लोक अभयारण्यात जातात. कोकीळ तोवर जोरात आलेला असतो. गातो तो नर: काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिची हाक तीक्ष्ण किक्‌-किक्‌-किक्‌ अशी. नर घरट्याजवळ येऊन कावळ्यांना चिडवतो, ते त्याच्या मागे धावतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात शिरून अंडं घालून निघून जाते. हे प्रत्यक्ष दिसायला नशीब लागतं. पण कावळे कोकिळाच्या मागे का लागलेत आणि त्याच वेळी तपकिरी मादी कुठे दबा धरून बसली आहे, एवढं शोधायला नशीब लागत नाही. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्यातून बाहेर येतं. ते कावळ्याच्या पिल्लांना नेहमीच बाहेर ढकलतं असं नाही; पुष्कळदा दोन्ही एकाच घरट्यात वाढतात. पावसाच्या सुरुवातीला, आपल्यासारखं न दिसणाऱ्या आणि सतत ओरडणाऱ्या पिल्लाला कावळा इमानेइतबारे भरवताना दिसला, की त्या कुटुंबाची दोन महिन्यांची गोष्ट तुम्हाला सुरुवातीपासून ठाऊक असेल. सहलीला गेलेल्या माणसाला हे मिळत नाही.

झाडांकडे वळते. सोसायटीत आणि समोरच्या रस्त्यावर कुठली झाडं आहेत याची एक यादी करा. पक्षी ओळखण्याआधी झाडं ओळखली तर अर्धं काम झालं. उंबर असेल तर तुम्ही भाग्यवान. तो वर्षातून एकाहून जास्त वेळा फळतो आणि फळला की तांबट, बुलबुल, कोकीळ, हळद्या, राखी धनेश अशी रीघ लागते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही उंबर, वड, पिंपळ यांच्या फळांवर येतो. पिवळ्या पायांचा हा हिरवा पक्षी पानांत बसला की हलेपर्यंत दिसत नाही. पांगारा आणि काटेसावर जानेवारी ते मार्चमध्ये पानं गाळून फुलतात, त्यामुळे मधासाठी येणारे शिंजीर, साळुंक्या, कोतवाल बिनपानांच्या फांद्यांवर उघडे दिसतात. सिंगापूर चेरीचं झाड असेल तर फुलटोच्या बघा. तो बोटाएवढा, मळकट रंगाचा आणि कमालीचा चपळ असतो. आणि एखादी वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल, तर ती तोडू नका असं सोसायटीला सांगून बघा. तांबट मऊ झालेल्या वाळक्या लाकडातच घरट्यासाठी भोक कोरतो. फांदी गेली की त्याचं घर गेलं.

ऋतूंचं थोडक्यात सांगते. पाऊस ओसरता ओसरता करडा धोबी येतो. गच्चीवर, पार्किंगमध्ये साठलेल्या पाण्याशी शेपटी वरखाली करत फिरतो. ऑक्टोबरात थिरथिरा येतो. त्याची शेपटी सतत थरथरते, म्हणून ओळखायला सोपा. पानांत 'चिस्‌वी' असा बारीक आवाज ऐकू आला तर तो पर्णवटवट्या. हे तिघेही उत्तरेकडून येतात, हिमालयाच्या उंच पट्ट्यातून आणि त्याच्याही पलीकडून. पर्णवटवट्याचं वजन दहा ग्रॅमही भरत नाही. एवढासा जीव इतकं अंतर कापून तुमच्या आवारातल्या झाडावर हिवाळा काढतो आणि एप्रिलच्या सुमारास परत जातो, हे कळल्यापासून मी दर वर्षी त्याच्या पहिल्या 'चिस्‌वी'ची तारीख लिहून ठेवते. तुम्हीही कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. दुधाचा हिशोब जिथे लिहिता तिथेच. दुसऱ्या वर्षी ती तारीख जवळ आली की कान आपोआप टवकारले जातात.

सासूबाईंना यात घ्या. बार्शीकडच्या शेतात वाढलेल्या बाईला भोरड्या माहीत नसतील असं होणार नाही. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे पिकावर उतरतात आणि त्यांना हाकलायला मचाणावर गोफण घेऊन बसावं लागायचं. याच भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, हिवाळ्यात पुण्यातही येतात. डोकं, पंख, शेपटी काळी आणि अंग फिकट गुलाबी. फुललेल्या पांगाऱ्या-सावरीवर दिवसा, आणि संध्याकाळी मोठ्या झाडांवर मुक्कामाला जाताना आकाशात एकत्र वळणारे त्यांचे थवे दिसतात. टिटवी, पावशा, भारद्वाज, होला यांचे आवाजही सासूबाईंच्या कानात असतील. पलंग खिडकीजवळ सरकवता येत असेल तर सरकवा. दिवसभर तिथे असणाऱ्या माणसाला जे ऐकू येईल ते तुम्हाला कामाच्या गडबडीत येणार नाही. उतारवयात फार बारीक आवाज कधीकधी ऐकू येत नाहीत, तेव्हा पर्णवटवट्या तुमच्याकडे आणि टिटवी, कोकीळ, तांबट त्यांच्याकडे, अशी वाटणी करा.

तुमच्या नोंदींचा उपयोगही होतो. ईबर्ड या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या टाकता येतात, अगदी खिडकीतून बघितलेल्यासुद्धा. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ साली जो अहवाल आला, तो ३० हजारांहून जास्त हौशी लोकांनी टाकलेल्या अशाच नोंदींवर उभा होता. त्यात ९४२ जातींचा विचार केला होता, आणि ज्यांची संख्या वाढते आहे अशांमध्ये तुमच्या खिडकीतला कोकीळ आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते. त्यासाठी एका जागी किमान १५ मिनिटं बघून यादी द्यायची असते. तुम्हाला हे घरातून जमेल. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तो काळ हिवाळी पाहुणे नुकतेच आल्याचा, म्हणून सुरुवात करायला चांगला.

काही गोष्टी करू नका. कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांची गर्दी झाली की बाकीचे पक्षी खिडकीकडे फिरकत नाहीत, आणि घरात आजारी माणूस असताना त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ नकोच. त्याऐवजी मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा, भांडं रोज घासा. उन्हाळ्यात बुलबुल आणि साळुंक्या नक्की येतील, दयाळही येईल. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो. कुंडीत शिंप्याने किंवा बुलबुलाने घरटं केलं तर पाणी घालायला जाल तेवढंच जा. पुन्हा पुन्हा डोकावलं की कावळ्याला पत्ता लागतो.

दुर्बीण लगेच घेऊ नका. दोन-तीन महिने नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी काढा. तोवर कुठे बघायचं हे कळलेलं असेल, आणि नसेल तर दुर्बिणीतून नुसती पानंच दिसतील. घ्यायची ठरली तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० पटीची दाखवेल. ती दूरचं जास्त मोठं दाखवते, पण हाताचा कंपही तेवढाच वाढवते आणि दिसणारा भाग लहान करते; झाडात भिरभिरणारा शिंजीर तिच्यात सापडत नाही. चष्मा असेल तर चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो का, हे दुकानातच बघून घ्या. आणि बघताना खिडकीची काच सरकवा, काचेतून प्रतिमा अंधुक होते.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी झाडांची यादी, मग रोजचे सात-आठ आवाज, मग त्या आवाजांतले बदल, त्यानंतर तारखा, आणि शेवटी दुर्बीण. दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात, पण शक्यतो एकाच वेळी आणि एकाच खिडकीत.

आता तारेवरचा निळा पक्षी. तो खंड्याच आहे. गळा आणि छाती पांढरी, डोकं आणि पोट चॉकलेटी, पाठ निळी, चोच लाल आणि जाड असेल तर शंकाच नको. या खंड्याला पाणी लागतंच असं नाही. नाकतोडे, सरडे, पाली, गोगलगायी, कधी उंदराचं पिल्लू यांवरही तो राहतो, म्हणून तो शेतात, बागेत, रस्त्यावरच्या तारांवर दिसतो. तार त्याला शिकारीसाठी लागते. तो खाली टक लावून बसलाय म्हणजे त्या जागेखाली गवताचा, मोकळ्या मातीचा किंवा कचऱ्याचा तुकडा असणार. काय आहे ते बघा. तो तारेवरून खाली झेप घेऊन परत आला, की भक्ष्य तारेवर आपटताना दिसेल. उडताना पंखांवर पांढरे मोठे ठिपके चमकतात, ते दिसले की खूण पक्की. घरटं तो मातीच्या उभ्या कडेत बोगदा खणून करतो. ओढ्याची दरड, नाहीतर नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याची भिंतही त्याला चालते. उन्हाळ्याच्या तोंडाला तो उंच जागी बसून मोठ्याने, खिंकाळल्यासारखं ओरडायला लागला आणि तारेवर एकाऐवजी दोन दिसू लागले, तर जवळपास अशी मातीची भिंत कुठे आहे ते शोधा. सापडली तर लांबूनच बघा, आणि कुठल्या महिन्यात दिसली ते मला कळवा.